पार्किंगवर उभी इमारत? खांबांकडे बघा!

२६ जानेवारी २००१. भूकंपाचं केंद्र भुजजवळ, पण २०० किमीहून दूर असलेल्या अहमदाबादेतही इमारती कोसळल्या. बऱ्याच ठिकाणी तळमजल्यावर भिंती नव्हत्या, नुसतं पार्किंग. हादऱ्याचा सगळा ताण खांबांवर आला.

जुन्या खांबांना बळ देण्याचे दोन मुख्य उपाय:

🔹 काँक्रीट जॅकेटिंग: पृष्ठभाग खरवडून भोवती नव्या सळया, कमी अंतरावर आडव्या रिंगा आणि साधारण १०० मिमी काँक्रीट. रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. उभ्या सळया स्लॅबमधून आरपार न्याव्यात.

🔹 फायबरचं वेष्टन: कोपरे गोल करून कार्बन किंवा काचतंतूंचं कापड इपॉक्सीने गुंडाळतात. खांब तुटण्याआधी जास्त वाकू शकतो. ताठपणा मात्र फारसा वाढत नाही.

⚠️ एकच खांब जाड केला, तर भूकंपाचा जोर तिकडेच ओढला जातो. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून अख्ख्या इमारतीचा हिशेब करून घ्या.