न्यायाधीशांचा वस्ताद

आमच्या घरी कोर्ट या शब्दाचा अर्थ 'तारीख' असा होता. बांधाच्या दाव्यात आधी आजोबांनी चपला झिजवल्या, मग वडिलांनी. एकदा वडील तारखेहून परतल्यावर मी विचारले, "आण्णा, साहेब काय म्हणाले?" ते म्हणाले, "काय की! वकील अन् साहेब बोलले, मग तारीख पडली."

पुढे तेथे दुसरे न्यायाधीश आले. त्यांनी साध्या मराठीत आण्णांना सांगितले, की मोजणीचा नकाशा आल्याखेरीज दावा पुढे सरकणार नाही. नकाशा आला, निकालही लागला. आम्ही हरलो. पण त्या रात्री आण्णा जेवताना म्हणाले, "हरलो खरं, पर का हरलो ते तरी कळलं."

कायदा तोच, इमारत तीच. मग फरक पडला कशाने? घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे हा प्रश्न घेऊन मी ग्रंथालयात बसले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवते.

न्यायाधीश कायदा कॉलेजात शिकतो. पण घाबरलेल्या साक्षीदाराशी कसे बोलावे, दिवसाचे काम कसे लावावे, स्वतःचा राग कसा ओळखावा, हे तो कोठे शिकणार? खुर्चीवर बसले की आपोआप येते, असा पूर्वी समज होता. 1986 साली विधी आयोगाने आपला 117 वा अहवाल न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणावरच दिला. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानेही अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात सेवेतील प्रशिक्षणाची गरज सांगितली. आज भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे आणि आपल्या राज्याची अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे. तेथे नवे न्यायाधीश शिकतात, आणि जुन्यांनाही पुन्हा बोलावले जाते.

यातही प्रमुख जिल्हा न्यायाधीशांचे काम अधिक अवघड. आपला जिल्हा आठ तालुक्यांचा. स्वतःचे खटले चालवायचे, शिवाय कामाची वाटणी, कर्मचारी आणि खालच्या न्यायालयांची देखरेख हेही पाहायचे. उत्तम निकालपत्र लिहिणाऱ्याला माणसे सांभाळता येतीलच असे नाही. अशा वरिष्ठांसाठी जगात 'कोचिंग' नावाची पद्धत रूढ झाली आहे. आपल्याकडच्या कोचिंग क्लासशी तिचा संबंध नाही. येथे शिकवणारा व्याख्यान देत नाही, प्रश्न विचारतो. काल तुम्ही पक्षकारावर का ओरडलात? पाच तारखा दिल्यात, त्यांतील किती खरोखर लागत होत्या?

माझे आजोबा तालमीतले. त्यामुळे हे मला वस्तादाच्या उदाहरणाने समजले. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. कुस्ती पैलवानच खेळतो. पण त्याचा पाय कोठे चुकतो ते वस्तादाला दिसते. खुर्चीवरच्या माणसाला तोंडावर चूक सांगणारे कोणी नसते. वकील सांगणार नाही, शिपाई सांगणार नाही, आणि माझे आण्णा तर नाहीच नाही. म्हणून त्याला वस्ताद हवा.

परंतु येथे एक धोका आहे. वस्तादच निकाल सांगू लागला तर न्याय कसला? आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 50 मध्ये न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवण्यास सांगितले आहे. अनुच्छेद 235 ने खालच्या न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे दिले आहे. त्यामुळे हे शिक्षण न्यायसंस्थेच्याच देखरेखीखाली चालावे लागते. पवित्रा कसा घ्यावा ते वस्तादाने सांगावे, कोणाला चितपट करावे ते सांगू नये.

प्रशिक्षणाने रिकाम्या जागा भरत नाहीत, की पडलेल्या फायली एका रात्रीत निघत नाहीत, हेही खरे. पण पक्षकाराला 'का' ते सांगायला नवी इमारत लागत नाही.

आता थोडे स्वतःविषयी. बी. ए. नंतर कायदा शिकून न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, असे माझ्या मनात आहे. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली हवी आणि खुर्चीवर बसण्याआधी एक वर्षाचे प्रशिक्षण. ते वाचून मी दचकले. नवख्या वकिलाला तीन वर्षे कोण पोसणार? कोरडवाहू शेतीच्या घराला हा प्रश्न लहान नाही, आणि त्याचे उत्तर मजजवळ नाही. तरीही आण्णांचे ते "काय की!" आठवले, की वाटते, शिकल्याशिवाय कोणी त्या खुर्चीवर बसू नये, मीसुद्धा.

शेवटी प्राध्यापकांना एक विनंती. न्यायालयाचे कामकाज सहसा सर्वांना खुले असते. सहलीसाठी आपण नळदुर्गचा किल्ला पाहतो, तसे एक दिवस आम्हांस न्यायालय पाहावयास न्यावे. मागच्या बाकावर शांत बसून, समोरच्या पक्षकाराला काय कळते आणि काय कळत नाही, एवढेच आपण पाहू.