वेबसाइट विकत घेताय? आधी सर्च कन्सोल बघा

समजा वायगाव हळदीवरची वेबसाइट विकायला आहे. आपल्या वर्ध्याच्या या हळदीला 2016 मध्ये जीआय टॅग मिळाला, म्हणजे नावाला वजन आहेच. विकणारा म्हणतो, "डोमेन अथॉरिटी 30 आहे, दोन लाख द्या." थांबा! हा आकडा गुगलचा नाहीच, खासगी टूलचा अंदाज आहे.

स्क्रीनशॉटवर जाऊ नका. सर्च कन्सोलमध्ये पाहण्यापुरती परवानगी मागा. तिथे 16 महिन्यांचे क्लिक दिसतात, म्हणून यंदाचा हंगाम मागच्याशी ताडता येतो. बहुतेक क्लिक एकाच पानावर असतील तर ते पान घसरलं की धंदा बसला.

मग खर्च वजा जाता महिन्याची कमाई काढा. साधारण दोन-तीन वर्षांची कमाई म्हणजे किंमत. 5,000 उरत असतील तर 24 महिन्यांचे 1,20,000. एका पानावर उभ्या साइटला मी तर 60,000 च्या वर जाणार नाही.