क्वीन टू

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वृंदाची दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका. ती ८ मार्च १९७४ रोजी ई. एम. आय. कंपनीने प्रकाशित केली. फ्रेडी मर्क्युरी (१९४६–९१, गायन व पियानो), ब्रायन मे (गिटार), जॉन डीकन (बेस गिटार) व रॉजर टेलर (ड्रम) हे वृंदातील चौघे कलावंत. मर्क्युरीचे मूळ नाव फारुख बलसारा. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरीने पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना पियानोचे शिक्षण घेतले होते.

वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका (१९७३) व तिच्यातील गीताची सुटी तबकडी (सिंगल) यांना फारसा प्रतिसाद लाभला नाही. त्या वेळी लंडनच्या ट्रायडेंट ध्वनिमुद्रणगृहात इतरांचे काम नसेल तेवढाच वेळ वृंदाला मिळे. दुसऱ्या मुद्रिकेसाठी मात्र ऑगस्ट १९७३ मध्ये रीतसर वेळ मिळाला. निर्माता रॉय टॉमस बेकर याच्या साहाय्याने, सोळा स्वतंत्र पट्ट्यांच्या ध्वनिफितीवर तेच आवाज पुनःपुन्हा मुद्रित करून त्यांचे थर रचण्यात आले. त्यामुळे तिघांच्या गळ्यांतून मोठ्या गायकवृंदाचा भास निर्माण झाला. मे याने वडिलांच्या मदतीने घरीच बनविलेल्या गिटारचे स्वरही असेच एकमेकांवर चढविले.

तबकडीच्या बाजूंना ‘शुभ्र’ व ‘कृष्ण’ अशी नावे आहेत. पहिलीवरील पाचांपैकी चार रचना मे याच्या व एक टेलरची. दुसरीवरील सहाही मर्क्युरीच्या. त्यांपैकी एक रिचर्ड डॅड (१८१७–८६) या चित्रकाराने मनोरुग्णालयात रंगविलेल्या परीलोकाच्या चित्रावर आधारित आहे. सहा मिनिटांहून दीर्घ असलेली ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ ही सर्वांत महत्त्वाकांक्षी रचना होय. लय व भाव वारंवार पालटण्याची तिची रीत पुढे ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’त (१९७५) अधिक सुघटित झाली. गर्दीच्या रचनेमुळे काही तत्कालीन समीक्षकांनी मुद्रिकेवर कठोर टीका केली. एकदाच ऐकणाऱ्याला ती आजही पटण्यासारखी आहे.

मुद्रिकेतील ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे एकच गीत ब्रिटनमध्ये सुट्या तबकडीवर निघाले. त्याचा सुमारे सव्वा मिनिटाचा, केवळ वाद्यांवरील तुकडा पहिल्या मुद्रिकेच्या शेवटी होता. डेव्हिड बोवी याची चित्रफीत उपलब्ध न झाल्याने बी. बी. सी.च्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ कार्यक्रमात ऐनवेळी जागा मिळाली व २१ फेब्रुवारी १९७४ रोजी हे गीत दूरचित्रवाणीवर दिसले. त्याच महिन्यात निघालेली सुटी तबकडी दहाव्या, तर दीर्घ मुद्रिका पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. वृंदाचे भवितव्य सावरणारे हे आटोपशीर गीत मुद्रिकेतील सर्वांत कमी प्रातिनिधिक आहे, हे विशेष.

त्यानंतरचा अमेरिकेतील दौरा मे याच्या काविळीमुळे अर्ध्यावर सोडावा लागला. तथापि तिसरी मुद्रिका त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रकाशित झाली.