किनोआ पेरायचा, पण किती खोल?

मध्य प्रदेशातलं पांढुर्णा-सौंसर म्हटलं की कापूस आणि संत्रा. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पिकं मात्र तीच राहिली. कोरडवाहू बरड जमिनीत कोणी किनोआ घ्यायचं म्हणत असेल, तर खतापेक्षा आधी पेरणीचा विचार करावा.

किनोआ हा आपल्या चाकवताचा भाऊबंद. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा. हरभऱ्यासारखा खोल गेला की कोंब वर येतच नाही. एक ते दोन सेंटिमीटर, बस्स! फोकून पेरलं तर काही दाणे उघडे पडून सुकतात, काही दाटीवाटीत उगवतात आणि निंदण करताना जीव जातो. कारण कोवळा किनोआ आणि तणातला चाकवत सारखेच दिसतात. ओळीत पेरलं की डवरा चालतो, विरळणी करता येते. दाणा बारीक, म्हणून चाळलेली वाळू किंवा शेणखत मिसळून चाड्यात सोडावा. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर रोपं कुजतात, तिथे सरी पाडून वरंब्यावर पेरणं बरं.

किनोआ पिकवणाऱ्या बोलिव्हियाच्या दक्षिण पठारावर पाऊस इतका तुटपुंजा, की शेतकरी ओल लागेपर्यंत खड्डे खणतात, तळाशी चिमूटभर बी टाकून वर थोडीच माती ओढतात. ओल खाली आणि माती पातळ, एवढंच ते साधतात.

आपल्याकडे पेरा रब्बीचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पहिल्या वर्षी अर्धा एकरच करा, आणि घेणारा व्यापारी आधी शोधा.