राक्षस सोडून निर्मनुष्य

मॉनमथच्या जॉफ्री या धर्मपंडिताने इ. स. ११३६ च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. लंडनची जन्मकथा त्यात आहे. ट्रॉयच्या ईनियसचा पणतू ब्रूटस गलबते घेऊन अल्बियन बेटावर उतरतो. बेटावर कोणीच राहत नव्हते, असे जॉफ्री म्हणतो आणि त्याच वाक्यात जोडतो : थोडे राक्षस सोडून.

हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचतो. वस्ती असलेली भूमी निर्मनुष्य कशी होते? तिथे राहणाऱ्यांना माणसांत धरले नाही की होते. मग त्यांना डोंगरातल्या गुहांत पिटाळणे हा जुलूम राहत नाही. गोमागोग नावाच्या बारा हात उंच राक्षसाला मात्र ब्रूटस मुद्दाम जिवंत ठेवतो. त्याची कॉरिनियसशी कुस्ती बघायची असते! कुस्तीनंतर त्याला कड्यावरून समुद्रात फेकले जाते. पुढे ब्रूटस थेम्सकाठी नगर वसवतो, नवे ट्रॉय.

ही नुसती करमणूक नव्हती. १३०१ साली पहिल्या एडवर्डने पोपला लिहिलेल्या पत्रात स्कॉटलंडवरचा हक्क ब्रूटसच्या वंशावरून सांगितला. चौदाव्या शतकात राक्षसांनाही जन्मकथा मिळाली : हद्दपार राजकन्या आणि सैतान यांची ती संतती. मनुस्मृतीचा दहावा अध्याय वाचलेल्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, म्हणजे राक्षस हेच मूळचे लोक ना?" जोतीरावांची 'गुलामगिरी' (१८७३) वाचलेल्या मुलाचा हा प्रश्न होता. मला तो आवडला, पण मी होकार दिला नाही. लंडन रोमनांनी इ. स. ५० च्या आसपास वसवले, असे उत्खनन सांगते. तिथे ब्रूटसही नाही, गोमागोगही नाही. राक्षसांना पूर्वज मानले तर जॉफ्रीची अर्धी कथा आपणच खरी धरली असे होईल.

खरी चोरी नावात आहे. जॉफ्रीच्या नगराचे पुढचे नाव ट्रिनोव्हँटम. थेम्सच्या उत्तरेला ट्रिनोव्हँटीस नावाची टोळी खरोखर राहत होती. ज्यूलियस सीझरने तिची नोंद केली आहे. त्या टोळीच्या नावात जॉफ्रीने 'नवे ट्रॉय' वाचले. नाव तिथल्या माणसांचे, मालकी पाहुण्याची.

गोमागोगचे पुढे गॉग आणि मॅगॉग असे दोघे झाले आणि शहराचे राखणदार ठरले. गिल्डहॉलमधल्या त्यांच्या लाकडी मूर्ती १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या; १९५३ साली नव्या बसवल्या. लॉर्ड मेयरच्या मिरवणुकीत त्यांच्या वेताच्या प्रतिमा आजही पुढे चालतात.