बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन : इतिहास व रचना

मुंबई-पुणे लोहमार्गाच्या इतिहासात खंडाळ्याखालील रिव्हर्सिंग स्टेशनाचे स्थान विशेष आहे. स्थानक म्हटले की भव्य इमारत डोळ्यांपुढे उभी राहते. येथे मात्र स्थापत्याचा विषय इमारत नसून डोंगराची सोंड व तीवरील लोहमार्गाची मांडणी हा होय.

बोरघाटाचा चढ सुमारे पावणेसोळा मैलांचा असून त्यात 1,831 फूट उंची गाठावी लागे. काही ठिकाणी चढ 37 फुटांस एक फूट इतका तीव्र होता. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढे प्रश्न असा होता की, अरुंद सोंडेवर गाडी वळविण्यास पुरेशी जागा नसता मार्ग पुढे न्यावा कसा? त्यांनी वळण टाळून दोन मार्ग इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे एका टोकाशी मिळविले. चढून आलेली गाडी या टोकाशी थांबे. इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूस जोडले जाई आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेने चढू लागे. प्रचंड भराव व कापणी यांची त्यामुळे बचत झाली. परंतु प्रत्येक गाडीचा वेळ मात्र खर्ची पडू लागला.

ही रचना उभी राहिली ती अपार श्रमांतून. 1856 मध्ये फॅव्हिएल या ठेकेदाराने काम आरंभिले. मजुरी थकल्याने 1859 मध्ये मजुरांत असंतोष उसळला आणि त्याच वर्षी त्याने ठेका सोडला. पुढे सॉलोमन ट्रेडवेल यांनी काम स्वीकारले. परंतु भारतात येताच अल्पावधीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने ठेका पुरा केला. 1861 च्या आरंभी घाटात सुमारे 42,000 मजूर राबत होते. पटकी व ताप यांनी त्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. बर्कली हेही 1862 मध्ये निवर्तले. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झालेले उद्‌घाटन त्यांना पाहता आले नाही.

वाहतूक वाढली, गाड्या लांबल्या, तेव्हा इंजिन बदलण्याचा हा थांबा अडचणीचा ठरू लागला. विद्युतीकरणाच्या काळात, 1929 मध्ये, बोगद्यांतून नवा मार्ग काढण्यात आला आणि सुमारे सहासष्ट वर्षांच्या सेवेनंतर हे स्थानक निरुपयोगी झाले.

अभियंत्यांची नावे ग्रंथांतून आढळतात. सुरुंग लावणाऱ्या व माती वाहणाऱ्या बहुसंख्य मजुरांची आढळत नाहीत. तेव्हा अशा स्थळाचा अभ्यास करताना जुन्या कापण्या व भराव यांची मोजमापे घेणे जितके आवश्यक, तितकेच त्या श्रमिकांची मजुरी, आजार व वस्ती यांचा शोध घेणेही आवश्यक आहे. त्यावाचून या स्थानकाचा इतिहास अपुराच राहील.