वर्ष वाया जाण्याआधी

संध्याकाळी सातच्या सुमारास उस्मानपुऱ्यातून चक्कर मारली की मेसच्या दारात चपलांची गर्दी दिसते. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन, जवळच देवगिरी महाविद्यालय, शिवाय गल्लोगल्ली क्लासेस आणि अभ्यासिका. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडून आलेली मुले-मुली इथे एका खोलीत तिघे-चौघे राहतात. घरी काही बिघडले की त्याची खबर महाविद्यालयाला उशिरा लागते, पण मेसवाल्या मावशींना लगेच कळते. दोन वेळचा डबा घेणारा मुलगा एका वेळेवर येतो. महिन्याचे पैसे ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणतो. मग काही दिवसांनी दिसेनासाच होतो.

यातला एखादा मधल्या काळात सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतही येऊन जातो. तक्रार साधी असते: डोके दुखते, पोटात जळजळ होते, झोप लागत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही. रक्त तपासले तर कधी हिमोग्लोबिन कमी निघते, कधी सगळे अहवाल ठीक येतात. ‘घरी काही झाले आहे का?’ असे विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर येते. वडील गेले, पीक वाहून गेले, आईचे ऑपरेशन झाले, बहिणीच्या लग्नाचे कर्ज झाले.

अभ्यास डोक्यात का शिरत नाही?

अशा वेळी ‘मन लावून अभ्यास कर’ हा सल्ला निरुपयोगी ठरतो, कारण अडचण इच्छाशक्तीची नसते. सतत ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते. एकाग्रता आणि ताजी माहिती डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता त्यामुळे कमी होते. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो; झोप मोडली की तेही अर्धवट राहते. त्यात एक वेळचे जेवण सुटले, मुलींमध्ये लोहाची कमतरता असली, तर थकवा दुप्पट होतो.

पैशाच्या चिंतेचा विचारशक्तीवर काय परिणाम होतो, याचा एक अभ्यास 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांची ऊस तोडणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर अशी दोनदा चाचणी घेतली गेली. माणसे तीच होती, पण चणचणीच्या काळात त्यांची कामगिरी कमी भरली. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. खोलीभाड्याची तारीख जवळ आली की थर्मोडायनॅमिक्सचे पान पुढे सरकत नाही.

आजाराचे दिवस आणि हजेरीचे दिवस

दुसरी अडचण हिशेबाची आहे. एका सत्रात साधारण 90 दिवस अध्यापन होते आणि हजेरी 75 टक्के लागते. म्हणजे फार तर 22 दिवस गैरहजर राहता येते. आजार हा हिशेब पाळत नाही. विषमज्वराचा ताप औषधाने काही दिवसांत उतरतो, पण अशक्तपणा पुढे कित्येक आठवडे रेंगाळतो. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचेही तसेच. पाय मोडला तर प्लास्टरच सहा आठवडे. त्यात वडिलांच्या निधनानंतर गावी राहावे लागलेले दिवस मिळवा. एकाच धक्क्यात हजेरी संपते आणि ‘आता परीक्षेला बसू देणार नाहीत’ या भीतीने मुलगा परतच येत नाही.

क्षयरोगाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे जवळपास एका सत्राएवढा. निदान होताच अनेक घरांत ‘यंदा शिक्षण थांबव’ असा निर्णय होतो. प्रत्यक्षात औषधे नियमित सुरू झाली की साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता बरीच कमी होते. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि अंगात ताकद असली, तर विद्यार्थी गोळ्या घेत वर्गात बसू शकतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात महिन्याला 1,000 रुपये खात्यात जमा होतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी ही रक्कम 500 रुपये होती. महिनाभराच्या रजेने भागणार असेल, तिथे वर्ष सोडायची गरज नसते.

मदत आहे, पण विखुरलेली

संकटात सापडलेल्या विद्यार्थ्यासाठी काहीच नाही, असे मुळीच नाही. दुष्काळ जाहीर झाला की शेतसारा आणि कर्जवसुलीबरोबर परीक्षा शुल्कातही सवलत मिळते. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर जाहीर झालेल्या सवलतींतही परीक्षा शुल्क माफी होती. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर प्रवर्गांसाठीही निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत.

‘कमवा व शिका’ ही तर महाराष्ट्राची स्वतःची परंपरा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही कल्पना रुजवली. आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही ही योजना आहे. मात्र ती धडधाकट विद्यार्थ्याच्या गरिबीवरचा उपाय आहे. नुकत्याच काविळीतून उठलेल्या मुलाला बागकामाचे तास देऊन चालत नाही. त्याला हवी असते विश्रांती, हजेरीत सूट आणि राहिलेल्या प्रात्यक्षिकांसाठी दुसरी संधी.

नव्या शैक्षणिक धोरणातील एक तरतूद इथे उपयोगी पडते. विद्यार्थ्याने मिळवलेली श्रेयांके, म्हणजेच क्रेडिट्स, ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात आणि ती साधारण सात वर्षे वापरता येतात. खरोखरच थांबावे लागले, तर आधी केलेला अभ्यास पाण्यात जात नाही. वर्षभराने परतता येते. पण हे त्या मुलाला शिक्षण सोडण्याआधी कोणीतरी सांगायला हवे.

मनाच्या आघाडीवरही नियम आता स्पष्ट झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. या सूचना महाविद्यालयांबरोबर क्लासेस आणि वसतिगृहांनाही लागू आहेत. उस्मानपुऱ्यासारख्या भागासाठी हे महत्त्वाचे आहे.

अडचण अशी, की या प्रत्येक मदतीची खिडकी वेगळी. शुल्कासाठी एक लिपिक, हजेरीसाठी विभागप्रमुख, भत्त्यासाठी समाजकल्याण कार्यालय, आजारासाठी दवाखाना. ज्याच्या डोक्यात आधीच गोंधळ आहे, त्यानेच या चार दारांवर अर्ज घेऊन फिरायचे. मंजूर झालेली रक्कम हाती येईपर्यंत सत्र संपायला आलेले असते.

थोडे, पण वेळेवर

अमेरिकेतील अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने 2011 मध्ये यावर साधा उपाय सुरू केला. थोड्याशा थकबाकीमुळे ज्यांचा प्रवेश रद्द होणार होता, अशा विद्यार्थ्यांची नावे विद्यापीठानेच शोधली आणि तेवढी रक्कम अनुदान म्हणून भरून टाकली. विद्यार्थ्याने अर्ज करण्याची वाट पाहिली नाही. शेवटच्या वर्षातले अनेक जण त्यामुळे पदवी घेऊन बाहेर पडले. ब्रिटनमधील विद्यापीठांत आजार किंवा घरातील मृत्यू यांसारख्या प्रसंगी परीक्षा पुढे ढकलून मागण्याची ठरलेली पद्धत असते.

आपल्याकडे यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायला नको. सलग आठ-दहा दिवस गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याला फोन करणे, अशा प्रकरणांसाठी एकच शिक्षक नेमणे, विद्यार्थी विकास विभागाकडे महिनाभराच्या मेसपुरता तातडीचा निधी ठेवणे, एवढे कोणत्याही महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे. हजेरीचा तक्ता सगळीकडे ठेवलाच जातो. शिक्षा ठरवण्याऐवजी तो चौकशीसाठी वापरला, तर रोगाचे निदान लवकर झाल्यासारखे होईल.

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आजारपणात केसपेपर, तपासणीचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. नंतर मागच्या तारखेचे प्रमाणपत्र मागायला गेलात तर प्रामाणिक डॉक्टर ते देणार नाही. पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयाला लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. उजवा हात मोडला असेल, तर परीक्षेला लेखनिक मिळण्याबाबत विचारा. सगळ्यांना नाही, तरी एका शिक्षकाला खरी परिस्थिती सांगा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर घाटीच्या मानसोपचार विभागात जा. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

खोलीतल्या मित्रांचे कामही सोपे आहे. डबा घ्यायला कोण येत नाही, रात्रभर कोण जागा असतो, हे त्यांच्याइतके लवकर कोणाला दिसत नाही. त्याला ‘चल, मी येतो सोबत’ एवढे म्हणून कार्यालयात किंवा दवाखान्यात नेले, तरी चार दारांपैकी पहिले दार उघडते. मेसच्या वहीत एखाद्या नावापुढचे रकाने रिकामे राहू लागले, तर ‘पैसे बुडवले’ असे म्हणण्याआधी त्याची चौकशी करावी.